पुढच्या उन्हाळ्यापर्यंत यायची गरज नाही

कल्पना करा, मुलांनो. किंवा असं करा, दोन्ही तळहात खरोखरच एकमेकांवर खसाखसा घासा. जोरात! गरम झाले ना? आता हातावर खोबरेल तेलाचे थेंब आहेत असं समजा आणि पुन्हा घासा. कसे अलगद सरकतात! गाडीच्या इंजिनात लोखंडावर लोखंड असंच घासत असतं, म्हणून त्यात तेल घालतात. काम करून करून ते तेल दमतं, काळं पडतं आणि मग बदलावं लागतं. एवढं कळलं, की ही प्रेमाची गोष्टही तुम्हाला कळेल.

आता डोळ्यांपुढे सालेकशाचं रेल्वे फाटक आणा. फाटक बंद आहे. मालगाडी संपता संपत नाही. सगळ्यांत पुढे स्कुटीवर लसींचा निळा डबा घेतलेली नर्सबाई भूमेश्वरी उभी आहे. फाटक उघडलं... आणि तिची स्कुटी बंद पडली! मागून भोंग्यांचा नुसता गोंगाट. तेवढ्यात एक उंच तरुण मोटारसायकलवरून उतरला. त्यानं स्कुटी ढकलत कडेला नेली, इंजिनातली तेल पाहायची पट्टी ओढून काढली आणि डॉक्टर पेशंटच्या नातेवाइकांकडे पाहतो तसं भूमेश्वरीकडे पाहिलं.

"ऑइल कधी बदललं होतं?"

"ऑइल... बदलतात?"

"म्हणजे गाडी घेतली तेव्हापासून—"

"पेट्रोल तर टाकून राहिली ना मी!"

पट्टीवरचा थेंब जांभळासारखा काळा होता. "हे ऑइल नाही जी, डांबर आहे."

"मग तुमी काऊन हसून राहिले?"

"मी कुठं हसून राहिलो?" तो म्हणाला. पण हसत होता.

हा लोकेंद्र. बसस्टँडजवळ त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. त्यानं तेल बदललं आणि बजावलं, "दर अडीच हजार किलोमीटरला यायचं. विसरायचं नाही."

"मी लेकरांच्या डोसची तारीख विसरत नाही," भूमेश्वरी म्हणाली, "ऑइलची कायले विसरीन?"

आणि ती विसरली नाही. उलट, अडीच हजार व्हायच्या आधीच येऊ लागली. लोकेंद्र तिच्यासाठी खुर्ची पुसायचा, तीही नव्या फडक्यानं. बाकी गिऱ्हाइकं टायरवर बसत. पत्र्यावरून पाणी टपटपत असायचं, आणि तेल निथळेपर्यंत दोघांना काहीतरी बोलावंच लागायचं.

"ऑइल थंडीत घट्ट काऊन होते जी?"

"तुमच्या रागासारखं आहे ते. थंडीत घट्ट."

"अन् तापल्यावर?"

"पातळ होते." तो पान्याकडे बघत म्हणाला. "पण राग पातळ झालेला... मी अजून पाहिला नाही."

भूमेश्वरीनं हेल्मेट घातलं. बसायला अजून वेळ होता, तरी घातलं. आतून ती लाल झाली होती.

दसऱ्याच्या सुमाराला ती पुन्हा आली, तेव्हा लोकेंद्रनं फळीवरून एक नवाच डबा काढला. "सिंथेटिक आहे," तो म्हणाला. "साधं ऑइल म्हणजे गिरणीतून आलेला तांदूळ. अख्खा दाणा, तुकडा, कणी, सारं एकत्र. हे म्हणजे निवडलेला तांदूळ. कारखान्यात असं बनवतात, की सारे कण जवळपास सारखे. दरेकशाच्या चढावर इंजिन कितीबी तापलं, तरी लवकर बिघडत नाही."

"मग मी परत कधी येऊ?"

"सहा हजार किलोमीटर, नाहीतर एक वर्ष. जे आधी होईल ते." त्यानं अभिमानानं हात पुसले. "तुमाले पुढच्या उन्हाळ्यापर्यंत यायची गरज नाही!"

"गरज नाही?"

"बिलकुल नाही!"

भूमेश्वरी अशी वेगानं निघून गेली, की रस्त्यावरची कोंबडी छपरावर चढली. लोकेंद्र बराच वेळ फडकं हातात धरून उभा राहिला.

तिच्या रागाचं कारण सांगतो. भाऊबीज झाली, की आपल्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दंडारीची नाटकं होतात, पाळणे लागतात, घरोघर पाहुणे येतात आणि त्या गर्दीत लग्नंही जुळतात. भूमेश्वरीच्या बाबूजींनी, म्हणजे छोटेलालजींनी, आमगावच्या एका मुलाला मंडईच्या दिवशी जेवायला बोलावलं होतं. लोकेंद्रनं त्याआधी तोंड उघडलं नाही, तर सगळंच संपलं. आणि तो तर म्हणतो, उन्हाळ्यात या!

मग तिनं काय करावं? ड्युटी संपली, की तिसरीतल्या भाचीला, नीतूला, मागे बसवायची आणि गाडी पळवायची. सालेकसा ते दरेकसा, दरेकसा ते सालेकसा.

"आत्या, आपण कुठं जाऊन राहिलो?"

"कुठंच नाही."

"मग परत काऊन येऊन राहिलो?"

"किलोमीटर झाले पाहिजेत ना!"

वाटेतली एक बकरी त्यांना ओळखू लागली. पण सहा हजार काही होईनात. मंडई मात्र उद्यावर आली. शेवटी भूमेश्वरीनं गाडी सरळ गॅरेजपुढे उभी केली.

"ऑइल बदला."

लोकेंद्रनं पट्टी काढून नीतूला दाखवली. "पाह्य बेटा, कसं मधासारखं आहे! अजून बदलायची गरज—" मग त्यानं मीटर पाहिलं. "एवढे किलोमीटर? ड्युटी रायपूरला लागली काय जी?"

"नाही काका," नीतू म्हणाली. "आमी चकरा मारून राहिलो. तुमच्याकडं यायला."

लोकेंद्रनं दुसऱ्या गाडीसाठी उघडलेला डबा उचलला होता, तो हातातच कलला आणि चांगलं महागाचं सिंथेटिक तेल त्याच्या चपलेवर धार धरून पडू लागलं.

"डबा," भूमेश्वरी म्हणाली.

"हो."

"सरळ धरा."

"हो." त्यानं डबा खाली ठेवला. "दसऱ्याला काढला तो डबा मी महिनाभर फळीवर लपवून ठेवला होता जी. गाडीत टाकला, की तुमी यायच्या नाही... पण दरेकशाच्या जंगलात तुमी एकट्या, गाडी बंद पडली तर? म्हणून टाकला. तेव्हापासून कोणतीबी स्कुटी वाजली, की मी बाहेर येऊन पाहतो. लोक म्हणतात, याला काय झालं?"

"काय झालं?"

"तेच... तुमाले झालं ते."

भूमेश्वरीला हसू आवरेना. "मग उद्या घरी या, बाबूजींशी बोलायला. सहा हजार किलोमीटर, नाहीतर मंडई. जे आधी होईल ते!"

दुसऱ्या दिवशी आमगावचे पाहुणे यायच्या आत लोकेंद्र अंगणात हजर झाला. बोलणी करायला आणलेले मामाजी वाटेत दंडार पाहायला थांबले, ते थांबलेच. एकटा, घामाघूम, इस्त्रीचा सदरा घालून तो छोटेलालजींपुढे उभा राहिला.

"अरे बापू, तू? सणाच्या दिवशी कोणती गाडी बिघडली?"

"नाही जी... मी..." लोकेंद्रची नजर अंगणातल्या स्कुटीवर गेली. "ऑइल पाहायला आलो."

दाराआड भूमेश्वरीनं कपाळावर हात मारला.

नीतू पाळण्याचे पैसे मागायला आली होती. ती हे सारं बघत होती. ती स्कुटीजवळ गेली, पट्टी ओढून काढली आणि आजोबांच्या नाकापुढे धरली.

"ऑइल चांगलं आहे, आजोबा. काका त्याच्यासाठी नाही आले. आत्यासाठी आले."

छोटेलालजींनी पट्टीकडे पाहिलं, मग लोकेंद्रकडे, मग दाराआडच्या सावलीकडे.

"मग उभा काऊन आहेस?" ते खाटेवर सरकून म्हणाले. "बस. अन् पोरी, चहा दोन कप जास्त ठेव. आमगाववाल्यांना काय सांगायचं ते बसून ठरवू."

आणि नीतू? तिनं पट्टी जागेवर नीट बसवली, तेलकट बोटं आजोबांच्या पांढऱ्याशुभ्र धोतराला पुसली आणि ते ओरडायच्या आत मंडईतल्या पाळण्याकडे धूम ठोकली.