सरळ उभा माणूस

तेल अवीवच्या पूर्व कडेने आयालोन वाहते. नदी म्हणायची एवढंच. उन्हाळ्यात तिच्या पात्रात काळपट ओहोळ आणि कमरेएवढं गवत. हिवाळ्यात लागोपाठ पाऊस झाला की तीच काठावरच्या घरांत शिरायची. आम्ही चौसष्ट साली मुंबईहून आलो तेव्हापासून ऐकत होतो, की इथून मोठा रस्ता जाणार. नदीला मधोमध सिमेंटच्या कालव्यात घालणार आणि तिच्या दोन्ही अंगांनी गाड्या धावणार. बोलण्यातच वर्षं गेली. आमच्या पट्ट्यात काम आलं ते ऐंशीच्या सुमारास, आणि जमिनीची पातळी मोजायला मला तिथे पाठवलं. मुंबईच्या म्युनिसिपालिटीतही मी हेच करायचो.

त्याच काठावर माझी थोरली बहीण सिपोरा राहायची. दोन खोल्यांचं बुटकं घर, मागे अंगण, अंगणापलीकडे नदी. घर रस्त्याच्या आखणीत आलं होतं. शेजारपाजारचे लोक नवे फ्लॅट घेऊन निघून गेले. सिपोरा हलायला तयार नव्हती.

तिचा नवरा मेयर एकोणसत्तरच्या पुरात गेला. गेला असं म्हणायचीही सोय नव्हती. शुक्रवारी दुपारी तो शनिवारच्या शबाथचा पाव आणायला पलीकडच्या बेकरीत गेला होता. शेजारणीने त्याला पलीकडच्या टोकाला, लाकडी पुलावर पाय ठेवताना पाहिलं. ती दोरीवरचे कपडे काढून पुन्हा बघते, तर पूलच नव्हता. मेयरला पाण्यात कोणी पाहिलं नाही. प्रेत मिळालं नाही. रब्बींच्या न्यायालयाने सांगितलं, नदी पुढे समुद्राला मिळते, तेव्हा हे अंत नसलेलं पाणी. माणूस कुठेतरी बाहेर निघाला नसेलच असं सांगता येत नाही. सिपोरा चौतिशीची होती, पदरी मूल नाही. ती विधवाही झाली नाही आणि बायकोही उरली नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी बेर्शेबाचा अब्राहम तिच्याकडे येऊ लागला. आमच्यातलाच मराठी ज्यू, अलिबागकडचा, बसच्या गॅरेजात मेकॅनिक, बायको वारलेली. महिन्यातून एकदा यायचा, अंगणात खुर्ची टाकून चहा प्यायचा आणि शेवटच्या बसच्या आत परत जायचा. घरात त्याने कधी पाऊल टाकलं नाही. दुसऱ्याची बायको आहे, म्हणायचा.

माझ्याकडची पातळी मोजायची दुर्बीण जुन्या बनावटीची होती. तिच्यातून सगळं उलटं दिसतं, खाली आकाश आणि वर जमीन. नव्या माणसाला गरगरतं. आम्हाला त्याची इतकी सवय की उलटं आहे हे जाणवतसुद्धा नाही. माझा जोडीदार अव्नेर, बगदादकडचा, पन्नाशीचा, पात्रात आकड्यांची पट्टी धरून उभा राहायचा. भिंगात तो वटवाघळासारखा लटकलेला दिसे.

मे महिन्यातली एक सकाळ. वाळवंटाकडून गरम वारा सुटला होता, धुळीने आभाळ पिवळं झालं होतं. मी भिंगाला डोळा लावला. अव्नेर लटकलेला होता, त्याची पट्टी, गवत, पलीकडची भिंत, सगळं लटकलेलं. त्याच्यामागे थोड्या अंतरावर एक माणूस उभा होता.

सरळ.

डोकं वर, पाय खाली. मला वेळ लागला कळायला, की खटकतंय ते काय. मी डोळा काढून पाहिलं. पात्रात अव्नेर एकटाच होता.

"मा कारा?" त्याने ओरडून विचारलं. काय झालं?

"काही नाही. धूळ गेली डोळ्यात."

पुन्हा पाहिलं. तो होताच. तपकिरी रेनकोट, डावा पाय किंचित बाहेर टाकलेला. मुंबईत गिरणीत मेयरचा तो पाय मोडला होता. डॉक्टरांनी आत पोलादी पट्टी बसवली तेव्हापासून तो असाच उभा राहायचा. माझ्याकडे त्याची पाठ होती.

मी दुर्बीण दुरुस्तीला पाठवली. तपासून परत आली, दोष नव्हता. डोळे तपासून घेतले, तेही ठीक निघाले. अव्नेरला भिंगातून बघायला लावलं. त्याला गवत दिसलं. मला मात्र जेव्हा जेव्हा पात्राच्या त्या भागाकडे बघावं लागे, तेव्हा तो दिसायचा.

शेवटी मी सिपोराला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"बाय, मला भाऊजी दिसतात."

तिचा हात ताटात थांबला. आश्चर्य वाटल्यासारखी ती दिसली नाही.

"ओले आहेत?"

"ते नाही कळत. लांब असतात."

"कुठे बघतात?"

"माझ्याकडे पाठ असते. पूल होता तिकडे बघत असतील."

"अजून पूलच शोधतायत," ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली. थोड्या वेळाने एकदाच तिने पदराने डोळे पुसले.

त्या उन्हाळ्यात नदी वळवली. मातीचा बांध घालून पाणी नव्या कालव्यात सोडलं आणि जुनं पात्र कोरडं पडलं. यंत्राने काठ उकरताना गाळाखाली हाडं लागली. काम थांबलं, पोलीस आले. डाव्या नडगीच्या हाडाला पोलादी पट्टी होती, आणि कमरेच्या जागी मेयरच्या इथल्या कारखान्याचा बिल्ला असलेला पट्टा. मी ओळख पटवली, सिपोराने पटवली. रब्बींनी सगळं ऐकून घेतलं आणि सिपोराला सांगितलं, बाई, तू मोकळी आहेस.

होलोनच्या दफनभूमीत हाडं पुरली. मी कद्दीशची प्रार्थना म्हटली. एवढ्या वर्षांनी हाडं गोळा करून पुरली तर सात दिवस सुतक धरायचं नसतं, त्या दिवसापुरतं जमिनीवर बसायचं आणि अंधार पडला की उठायचं, असं रब्बी म्हणाले. सिपोरा बसली. संध्याकाळी मी तिला हात दिला.

"अकरा वर्षं, आणि उठायला सांगितलं एका दिवसात," ती म्हणाली. पण उठली.

मला वाटलं, आता संपलं. दुसऱ्या आठवड्यात कामावर दुर्बीण लावली.

तो कोरड्या पात्रात उभा होता. आता तोंड इकडे होतं. तो पुलाच्या जागेकडे बघत नव्हता, तिच्या घराकडे बघत होता. आणि पहिल्यापेक्षा जवळ आला होता.

हे मी तिला सांगणार नव्हतो. तिनेच विचारलं.

"अजून आहेत ना?"

मी मान हलवली.

"मी मोकळी झाले असं सगळ्यांनी मला सांगितलं, हासाजी. ह्यांना कोणी सांगितलं?"

अब्राहमला तिने होकार दिला. बेर्शेबातल्या आमच्या सिनेगॉगमध्ये लग्न ठरलं. घर रिकामं करायच्या दिवशी अब्राहम मित्राचा छोटा ट्रक घेऊन आला. पलंग, कपाट, पत्र्याची पेटी, मुंबईहून आणलेली पितळी भांडी, मी आणि त्याने मिळून सगळं चढवलं. त्या दिवशी पहिल्यांदा तो त्या घरात गेला, आणि तेही दारात थबकून. रस्त्याच्या टोकाला घर पाडायचं यंत्र येऊन उभं होतं. भर दुपार होती. ऊन इतकं, की कशाची सावलीच पडत नव्हती.

मी काठावर लावलेल्या माझ्या दुर्बिणीपाशी परतलो, तशी सिपोरा माझ्याकडे आली. निळा सुती फ्रॉक, डोक्याला रुमाल.

"मला बघू दे."

"बाय, कशाला?"

"सांगितल्याशिवाय कशी जाऊ?"

मी दुर्बीण पात्राकडे वळवली आणि बाजूला झालो. ती वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली. मग ती बोलू लागली, हळू, घरात बोलावं तशी.

"अहो. मी जातेय आता. घर पाडणार आहेत. तुम्ही इथे थांबू नका."

ती गप्प झाली. कोणी उत्तर देत असताना माणूस गप्प होतो तशी. एकदा तिने मान हलवली.

मग ती सरळ झाली. चेहरा रडलेला होता, पण शांत होता.

"दिसले?" मी विचारलं.

"हो."

"काय म्हणाले?"

तिने माझ्या गालावरून हात फिरवला. हात गार होता. "जेवत जा वेळेवर," एवढंच म्हणाली आणि ट्रककडे चालू लागली.

मी भिंगाला डोळा लावला. पात्र रिकामं होतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. वर सुकलेला गाळ, खाली आकाश. मेयर कुठेच नव्हता.

मला एकदम हलकं वाटलं. त्याच भरात मी दुर्बीण तिच्या मागोमाग फिरवली.

घर उलटं होतं. ट्रक उलटा होता, त्यावरचा पलंग उलटा. अब्राहम दार उघडून उभा होता, पाय वर, डोकं खाली, हसत.

त्याच्याकडे सिपोरा चालत चालली होती. निळा फ्रॉक, डोक्याला रुमाल.

सरळ.

मी डोळा काढला. ती ट्रकात चढून बसली होती आणि खिडकीतून मला हात करत होती. मीही केला.