अभ्यासिकेच्या खालचा बायंडर

पहिल्याच दिवशी तिचं दार चुकलं.

अभ्यासिका दुसऱ्या मजल्यावर होती आणि धाकटी शिरली पहिल्या मजल्यावर. लांबलचक टेबल, त्यावर कागदांचे ढीग, टोकाला मान खाली घालून बसलेले एक म्हातारे गृहस्थ, आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. हीच ती जागा! तिने खुर्ची ओढली, कोरी करकरीत वही काढून तारीख घातली आणि समोरच्या तरुणाला हळूच विचारलं, "पंखा जरा इकडे वळवता का?"

त्याने पंखा वळवला. चार कागद उडाले, ते पकडत तो तितक्याच हळू आवाजात म्हणाला, "आपण... काही बांधायला आणलंय का?"

"बांधायला?"

"आम्ही पुस्तकं बांधतो. अभ्यास वरच्या मजल्यावर चालतो."

धाकटी अशी घाईने उठली, की खुर्ची धाडकन पडली. कमी ऐकू येणाऱ्या त्या गृहस्थांनीसुद्धा मान वर केली. ते त्याचे काका.

"आठवड्याला एक तरी चुकतं," तो हसू दाबत म्हणाला. "पण पंखा आजवर कुणी मागितला नव्हता."

तीन बहिणींतली ती शेवटची, म्हणून सगळ्यांची धाकटी. रक्त तपासायच्या लॅबमधली चांगली नोकरी सोडून ती थोरल्या बहिणीकडे राहायला आली होती. प्रशासनात अधिकारी व्हायचं होतं. बाबांनी एक वर्ष दिलं होतं. "वर्षभर कुणी काही विचारणार नाही," ते म्हणाले होते, "पण मग मी विचारेन."

नवशिक्यांचं होतं तेच तिचंही झालं. वरची मुलं जे नाव घेतील ते पुस्तक तिने आणलं. पहिल्या महिन्यात तेवीस! त्यातल्या एका जुन्या जाडजूड पुस्तकाची पानं सुटली, आणि ते घेऊन ती पुन्हा पहिल्या मजल्यावर गेली. या वेळी मुद्दाम.

त्या तरुण बायंडरने पुस्तक उघडून पाहिलं. "हे वाचून सुटलेलं नाही. नुसतंच उचलून ठेवलेलं दिसतंय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"वाचलेलं पुस्तक मधे फाटतं. हे कडेला फाटलंय." मग जरा थांबून म्हणाला, "अभ्यासक्रम वाचलात?"

"...म्हणजे, चाळलाय."

त्याने मागच्या फळीवरून एक गठ्ठा काढला. दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, एकत्र शिवलेल्या. "दर वर्षी याच बांधतो मी. शिवता शिवता नजरेखालून जातात. काय विचारतात ते आधी बघा, मग काय वाचायचं ते आपोआप कळेल. तेवीस पुस्तकांत बुडालात तर काढायला कोण येणार?"

"तुम्ही या ना," ती बोलून गेली... आणि जीभ चावली.

तो खळीच्या डब्यात उगाचच ब्रश ढवळत राहिला.

त्यानंतर रोज सकाळी जिना चढताना ती पहिल्या मजल्यावर थांबे. तो सुईत दोरा ओवता ओवता एक प्रश्न टाके. उत्तर आलं तर मान हलवे, नाही आलं तर म्हणे, "संध्याकाळी सांगा." संध्याकाळी उत्तर सांगायला दोन मिनिटं लागत, निघायला अर्धा तास. तिच्या वहीवर त्याने निळं कापड चढवून दिलं. त्याच्या बोटाला दाभण लागलं तेव्हा तिने ते स्वतः पुसून पट्टी बांधली. रक्ताची तिला सवय होती, तरी त्या दिवशी पट्टी तीनदा सोडून पुन्हा बांधली.

"अभ्यासिकेतच जातेस की आणखी कुठे?" थोरली एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली. "चेहऱ्यावर चालू घडामोडी दिसतायत."

"ताई!"

"मी कुठे काय म्हणाले?"

धाकटीने मनाशी ठरवून टाकलं होतं. निकाल लागेपर्यंत तोंड उघडायचं नाही. पास झालं, की त्याच दिवशी सांगायचं.

सराव परीक्षांत मात्र तिचे गुण घसरत होते. अंदाजाने ठोकलेली उत्तरं चुकत आणि गुण कापले जात. "माहीत नसेल तर सोडून द्या," बायंडर म्हणाला. तिने ते फारच मनावर घेतलं. पूर्वपरीक्षेत तिने एकोणीस प्रश्न कोरे सोडले.

आणि तीन गुणांनी ती राहिली.

बाबांचा फोन आला. ती रडेल म्हणून ते आधी इकडचं तिकडचं बोलले. शेवटी म्हणाले, "तीनच ना? मग आणखी एक वर्ष घे." तेव्हा मात्र ती खरंच रडली.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या मजल्यावर गेली. बायंडरने वर पाहिलंच नाही.

"वरच्या मुलांकडून कळलं," तो म्हणाला. "माझं ऐकलंत म्हणून गेले तीन गुण. मी आयुष्यात एक परीक्षा दिलेली नाही, आणि चाललो शहाणपण शिकवायला! या वर्षी इथे थांबत जाऊ नका. सरळ वर जात जा."

"संपलं बोलून?"

"हो."

"एकोणीस प्रश्न मी सोडले, कारण मी घाबरले होते. त्यात तुमचा काय दोष?" ती टेबलाशी आली. काका पलीकडे पुठ्ठा मापत होते. "आणि दुसरं. पास झाले असते तर काल तुम्हाला एक गोष्ट सांगणार होते."

"आता... पुढच्या वर्षी?"

"रात्रभर विचार केला. त्या गोष्टीचा निकालाशी काय संबंध? तुम्ही मला आवडता. मी अधिकारी झाले तरी, आणि नाही झाले तरी."

त्याच्या हातातला दोरा सुटून रीळ गडगडत टेबलाखाली गेलं. तो उचलायला वाकला नाही.

"मी किती महिने गप्प बसलो होतो," तो म्हणाला, "तुझ्या अभ्यासात नको म्हणून..."

'तुझ्या.' दोघांच्याही लक्षात एकदमच आलं.

"पंखा वळव रे तिच्याकडे," पलीकडून काका मोठ्याने म्हणाले. "घामाघूम झालीय पोरगी."

काय ऐकू आलं आणि काय नाही, कोण जाणे! धाकटी हसत सुटली आणि एका दमात जिना चढून वर गेली. बाबांनी दिलेल्या नव्या वर्षाचा पहिला दिवस वाया घालवायचा नव्हता. पुस्तक उघडून ती तासभर मान खाली घालून बसली, आणि त्या तासात तिने एकच ओळ वाचली.