एक वाजून दहाचं लॉगिन

भीतीची गोष्ट सांगायला बसले आहे खरी, पण ती माझ्या बाबांचीही आहे. मध्येच थांबले तर हसू नका.

आमची कंपनी कृत्रिम दात बनवते. चार हजार माणसांच्या तोंडांचे साचे आणि त्यांच्या आजारांची माहिती एका सर्व्हरवर असते. तो आधी बाबा सांभाळायचे, मी त्यांच्या हाताखाली; ते गेल्यावर एकटी मी. ऑफिसात ते मला ‘मॅडम’ म्हणायचे आणि घरी ‘खारूताई’, कारण लहानपणी मी पेन्सिली कुरतडायचे.

त्यांचा एक नेम होता. जेवण झालं की एक वाजून दहा मिनिटांनी सर्व्हरच्या खोलीत जायचं, तिथल्याच कीबोर्डवरून लॉगिन करायचं आणि सकाळी घरून काम करताना सर्व्हरपर्यंत पोचायला मी उघडलेली बाहेरची वाट बंद करायची. ती बंद करायला मी विसरणार, हे त्यांनी गृहीतच धरलेलं. टाइप करताना चष्मा कपाळावर असायचा, त्यामुळे पासवर्ड पहिल्यांदा हमखास चुकायचा. मग ‘च्यॅक’ करून दुसऱ्यांदा.

ते जाऊन तीन महिने झाले, तेव्हा सुरक्षेच्या तपासणीला एक बाई आल्या. त्यांनी लॉगिनच्या नोंदींचा कागद माझ्यापुढे सरकवला.

“हे खातं कुणाचं?”

“बाबांचं. ते वारले.”

“मग रोज लॉगिन कोण करतंय?”

रोज, एक वाजून दहा. एक चुकलेला प्रयत्न, मग बरोबर. तोही खोलीतल्या कीबोर्डवरून. त्या खोलीची एकुलती एक किल्ली माझ्या खिशात असायची.

गेलेल्या माणसाचं खातं चालू ठेवलं, ही चूक माझीच. पण यादीतून त्यांचं नाव काढायला हात धजावत नव्हता.

“आजच बंद करा,” बाई हळूच म्हणाल्या. “चार हजार लोकांचा प्रश्न आहे हो.”

त्यांचं बरोबर होतं. बाराच्या सुमारास मी ते बंद केलं आणि बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले.

एक दहाला माझ्या स्क्रीनवर ओळ उमटली. बाबांचं नाव, प्रयत्न फसला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मग टेबलावरचा फोन वाजला. आतली लाइन, सर्व्हरच्या खोलीतून.

उचलला. पंख्यांची घरघर... आणि तिच्याआड, खोकल्याची गोळी दातांवर आपटल्याचा बारीक आवाज. बाबा दिवसभर ती गोळी तोंडात घोळवायचे.

“बाबा...?”

“च्यॅक.”

फोन बंद झाला.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाहेरची वाट! सकाळपासून उघडीच होती, आणि तिच्यावर कुणी तरी परका शेकड्यांनी पासवर्ड लावून बघत होता. मी लगेच ती बंद केली. कुणी आत शिरलं नव्हतं. गेले तीन महिने ती मी एकदाही बंद केली नव्हती, तरी रोज दुपारनंतर ती बंदच असायची, हेही तेव्हाच आठवलं.

मग ती खोली उघडली. आत गारठा, अंधार आणि त्या गोळीचा वास. स्टूल बाबा बसायचे तितकं खाली केलेलं. स्क्रीनवर त्यांचं नाव आणि पासवर्डच्या रिकाम्या चौकटीत लुकलुकणारी रेघ. घाबरले होते, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त वाईट वाटलं. तीस वर्षं जे दार सांभाळलं, त्याच्याच बाहेर मी त्यांना उभं केलं होतं.

“उद्यापासून ती वाट मी बंद करीन, बाबा... नक्की,” असं म्हणून मी कुलूप लावलं. त्या रात्री किल्ली उशीखाली घेऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी एक वाजून नऊ मिनिटांनी मी दार उघडलं. स्क्रीनवरचं बाबांचं नाव पुसलेलं होतं. त्या जागी लिहिलं होतं, ‘खारूताई’.

आणि स्टूल माझ्या उंचीला आणून ठेवलं होतं.