मंगळवारचं बटण

तो एक दिवा मालव, डोळ्यांवर येतो. दुसरा राहू दे. ही गोष्ट मी माझ्या मित्राच्या तोंडून तीनदा ऐकली, आणि तिन्ही वेळा त्याची उलटतपासणी घेतली. फार शिकलं की ही खोड लागते.

"म्हणजे खरी की खोटी, मामा?" भाचीनं विचारलं. भाचा तिला टेकून बसला होता.

"ते ठरवता आलं असतं तर मला रात्री झोप लागली असती. ऐक."

हा मित्र एका खासगी रेडिओ केंद्रावर यंत्रं सांभाळायचा. त्याला सगळे तारवाला म्हणत. टायरच्या दुकानावर तिसरा मजला. चोवीस तास रॉक संगीत आणि मधूनमधून गाद्यांच्या जाहिराती. बावीस वर्षं चाललं, मग मालकानं विकून टाकलं. बुधवारी पहाटे सहाला ते बंद व्हायचं होतं, आणि शेवटच्या तासात केंद्राचा इतिहास ऐकवायचा होता. पहिली घोषणा, पहिली जाहिरात, जुने आवाज. त्या फिती शोधायला तारवाला मंगळवारी रात्री साडेबाराला कोठीत शिरला. एवढंच काम.

आणखी एक होतं. दुपारी एक मुलगी येऊन गेली होती. रात्रपाळीच्या निवेदकाची मुलगी. त्याला सगळे खर्ज म्हणत. तो बोलायला लागला की काचेचे पेले थरथरायचे. केंद्राच्या तिसऱ्या वर्षी तो जिन्यावरून पडून गेला, असं गावाला ठाऊक होतं. तेव्हा ती चार वर्षांची होती.

"काका, बाबांचा आवाजच आठवत नाही मला. त्या कार्यक्रमात त्यांचं एक वाक्य ठेवाल?"

"ठेवतो," तारवाला म्हणाला. तोंडातून निघून गेलं.

ठेवणार कुठून? खर्जच्या सगळ्या फिती मालकानं पुसायला लावल्या होत्या, आणि पुसणारा हाच. जिनाबिना काही नव्हता. खर्जनं गाद्यांच्या जाहिरातीची चालू कार्यक्रमात टिंगल केली होती. मालक पिऊन वर आला आणि त्यानं माइकचा लोखंडी स्टँड उचलला. अकरा घाव. तारवाला दारात उभा होता. त्यानं मोजले, अडवलं नाही. पोलिसांना म्हणाला, मी गच्चीवर मनोऱ्यापाशी होतो.

ती रात्रही मंगळवारचीच. मंगळवारी रात्री दोनला प्रक्षेपण थांबवून यंत्रांची तपासणी व्हायची, म्हणून गावाला काही ऐकू गेलं नाही. पण माइक उघडा होता, आणि नोंदीची फीत नेहमीसारखी फिरत होती. तीही यानं चुंबक फिरवून पुसली. केंद्राची शिस्त अशी, की खोलीत कोण हजर होतं ते पाळीवाल्यानं फितीच्या डब्यावर चिठ्ठी चिकटवून लिहायचं. तारवाल्यानं त्या डब्यावरची चिठ्ठीही फाडली. डबा मात्र ठेवला. पुसलेली फीत पुन्हा वापरता येते.

तोच डबा आता शेवटच्या रात्री हाती लागला. कोरी फीत, इतिहास भरायला बरी. ती खरंच कोरी आहे ना, हे पाहायला त्यानं यंत्रावर चढवून सुरू केली. दोन वाजले. बावीस वर्षांच्या सवयीनं त्याचा हात मागे गेला आणि प्रक्षेपणाचं बटण दाबलं.

आता त्याची चूक बघा. गेल्या महिन्यात संगणक बसवला होता. तो दोनच्या ठोक्याला आपणहून प्रक्षेपण बंद करायचा. बटण एकच. चालू असेल तर बंद करणारं, बंद असेल तर चालू.

फितीत खुर्ची सरकली.

"मालक, बसून बोलू ना." खर्ज.

तारवाला गोठला. कोरी फीत...

टेबलावरचा फोन वाजला.

"काका, मी रेडिओ लावून बसले होते. शेवटची रात्र म्हणून. हे बाबा आहेत ना?"

त्यानं वर पाहिलं. प्रक्षेपणाचा लाल दिवा पेटलेला होता.

दार भिंतीवर आदळलं. मालक. केबिनमध्ये पीत बसला होता, शेजारी रेडिओ. आत येताच त्यानं कोपऱ्यातला स्टँड उचलला आणि तारवाल्याच्या खांद्यावर हाणला. हाड मोडलं.

"बंद कर ते."

फितीत पहिला घाव पडला.

मालकाचं कोपर उलटं वळलं. स्टँड खाली पडला. जवळ कोणी नव्हतं.

दुसरा. जबडा.

तिसरा. दात जमिनीवर सांडले. मालक गुडघ्यांवर आला. रक्त काचेपर्यंत उडालं.

"बंद..." एवढंच त्याला बोलता आलं.

तारवाल्याचा शाबूत हात थांब-बटणावर होता. एक बोट दाबायचं. बस.

"बंद नका करू, काका," टेबलावर पडलेल्या फोनमधून आलं. "ते काय म्हणतायत ते ऐकू दे मला."

चौथा. पाचवा. बरगड्या वाळल्या काटक्यांसारख्या...

त्यानं हात काढून घेतला.

सहा... सात... आठ...

तो पुन्हा मोजत होता. पुन्हा उभाच होता.

अकरा.

मग फितीत शांतता. त्या शांततेत दाराशी कोणीतरी धापा टाकत होतं. ते श्वास त्यानं ओळखले. स्वतःचेच.

"काका?"

"हो," तो म्हणाला. "तुझेच बाबा. ते जिन्यावरून पडले नाहीत. मी दारात उभा होतो."

तिनं फोन ठेवला नाही.

मालकाचं प्रेत नेल्यावर पोलिसांनी फीत तपासली. कोरी निघाली. गावातल्या कित्येकांनी मात्र ते ऐकलं होतं.

"आणि डबा?" भाच्यानं विचारलं.

डबा माझ्याकडे आहे. तारवाला गेला त्याच्या आदल्या आठवड्यात माझ्या हातात देऊन गेला. ज्या जागेवरची चिठ्ठी त्यानं फाडली होती, तिथं चिठ्ठी आहे. तारवाल्यानं दाखवलेल्या जुन्या डब्यांवरून खर्जचं अक्षर मी ओळखतो. 'मंगळवार, रात्री २. हजर: मी, मालक. दाराशी: तारवाला.'

नवा कागद, म्हटलं, कोणीही चिकटवला असेल. अक्षराची नक्कलही करता येते. असं मी नऊ वर्षं म्हणतोय.

पण दर वेळी डबा उघडला की... हा अंगठा बघा.

शाई अजून वाळलेली नाही.