करंगळीचा पुरावा

इचलकरंजीतल्या एका चहाच्या टपरीवर चार म्हातारे मुकाट्याने बसले होते. प्रत्येकाच्या हातात फोन होता, पण पडद्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मधेच चौघेही खो खो हसले. चहावाल्याने वरही पाहिलं नाही, इतकी त्याला याची सवय झाली होती. यंत्रमागांच्या खडखडाटात चौघांचे कान गेले होते, आणि आता त्यांच्या गप्पा फोनच्या काठावरून चालत. आपण काठ बोटांनी दाबायचा, की समोरच्याच्या बोटांखाली त्याच्या फोनच्या काठावर तसाच दाब उमटायचा. या बोलीला काठबोली म्हणत.

ती तयार केली होती चौघांतल्या तात्या हावळांच्या मुलीने, मीनलने, पुण्याच्या एका फोन कंपनीत. आज तीच तोंड पाडून तात्यांच्या शेजारी बसली होती. पिशवीत प्रतिज्ञापत्र होतं, फक्त सही राहिलेलं.

म्हाताऱ्यांचे फोन तिच्या कंपनीचे नव्हतेच मुळी. ते दुसऱ्या कंपनीचे, स्वस्तातले होते. त्या कंपनीने परवाना न घेता काठबोली वापरली म्हणून खटला उभा होता. मीनलची कंपनी जिंकली की एका अपडेटने हे सगळे काठ मुके होणार होते. तात्यांना ती आपला महागडा फोन देऊ शकली असती, पण मग ते बोलणार कुणाशी?

"करंगळीनेच चोरी पकडून दिली," काल कंपनीचे वकीलसाहेब खुशीत म्हणाले होते. "'हो' म्हणायला त्यांच्याकडेही करंगळीच दोनदा दाबायची! आपलं आपण कुणीही अंगठाच निवडला असता."

मीनलने तेव्हा मान डोलावली, आणि परतताना बसमध्ये तिला धडकी भरली. करंगळी तिला तरी कुठे सुचली होती? तात्या घरी 'हो' म्हणायला करंगळी दोनदा वाकवायचे. बापाची लकब समजून तिने ती बिनदिक्कत उचलली होती.

आता तिने हातवारे करून तात्यांना विचारलं, ही खूण तुमची ना?

"माझी कुठली?" तात्या बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाले. "तुटलेला धागा सांधताना अंगठा अन् दोन बोटं अडकलेली असत्यात. सगळ्या शेडात 'हो' करंगळीनंच. ह्या म्हेत्र्याचा पोरगा आनंदा बी त्या दुसऱ्या कंपनीत असंच काम करतोय की. त्यानं बी बापाकडनंच उचललं असंल."

समोर म्हेत्रेकाका फोनचा काठ दाबत मजेत बसले होते.

मीनलने प्रतिज्ञापत्र तात्यांपुढे धरलं. 'ही कल्पना सर्वस्वी माझी' या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"म्हंजे चाळीस वर्षं आम्ही बोललो, ते आता चोरीचं ठरंल व्हय?"

तिची करंगळी आपसूक दोनदा वाकली. तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने पेन काढून ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'ही कल्पना इचलकरंजीच्या माग-कामगारांची आहे.'

तात्यांनी ते दोनदा वाचलं.

"तुझी नोकरी जाईल न्हवं?"

या वेळी करंगळी वाकवायला मीनलला जरा वेळ लागला.