नाल्याची जीभ

माणगुंडीत हल्ली माणसं भेटली की आधी तब्येत विचारत नाहीत. "जीभ ठीक हाय न्हवं?" असं विचारतात, आणि समोरच्याचा चेहरा पडला की दोन पावलं मागं सरतात. ज्याची जीभ आवळली त्याच्याशी बोलताना दिसणंही धंद्याला बरं नसतं.

ही जीभ तोंडातली नव्हे. गावातल्या प्रत्येक कारखान्याचं, लाँड्रीचं, खानावळीचं सांडपाणी जिथं नगरपालिकेच्या गटाराला मिळतं, तिथं नळाच्या आत एक गुलाबट, बुळबुळीत गोळा बसवलेला असतो. नियमावलीत त्याचं नाव 'जीवझडप'. लवचीक जाळीत वाढवलेले कोट्यवधी जिवाणू, एवढंच ते प्रकरण. पाणी सोसण्यासारखं असलं की ते सैल राहतात आणि पाणी जाऊ देतात. त्यांच्या जिवावर उठणारं काही आलं की सगळे मिळून आकसतात, नळ जवळपास बंद होतो, आणि मालकानं सोडलेली घाण मालकाच्याच अंगणात वर येते. गावानं या झडपेला जीभ म्हणायला सुरुवात केली, कारण ती आधी चव घेते.

नियम पूर्वीही होते. निरीक्षकही होते, पण त्यांची गाडी वेशीपाशी येण्याआधी वर्दी पोचायची आणि नमुन्याच्या बाटलीत नळाचं पाणी जायचं. नदी मात्र त्या आठवड्यात ज्या रंगाचं सूत निघेल त्या रंगाची वाहायची. मग डॉ. रोहिणी टिपणीस जीवझडप घेऊन आल्या. व्यापाऱ्यांच्या सभेत त्या म्हणाल्या होत्या, "नियम पाळायला लावणारा माणूस विकत घेता येतो. स्वतःचा जीव वाचवणाऱ्या जिवाणूला काय देऊन विकत घ्याल?" टाळ्या पडल्या. सूत रंगवायच्या डाइंगचा मालक तात्यासो मगदूम यानंही वाजवल्या, कारण तेव्हा त्याला शेजारचा डाइंगवाला त्यात अडकलेला दिसत होता. नदी सुधारली हे खरं आहे, मासे परत आले हेही खरं. बाकीचं कुणी मोजलं नाही.

त्या सोमवारी सकाळी तात्यासोच्या अंगणात घोट्याएवढं निळं पाणी साचलं होतं.

त्यानं पहिल्यांदा फोरमन दत्तू सुताराची गचांडी धरली. "काय वतलंस नाल्यात?"

"कायबी न्हाई, मालक. रंगाच्या हौदातलं पाणी गाळून, निवळूनच सोडलंय. आईशप्पत."

"मग जीभ काय उपाशी हाय म्हणून मिटली?"

दत्तूनं धरलेला हात झटकला. इतक्या वर्षांत तसं त्यानं कधी केलं नव्हतं. कामगार बघत उभे होते आणि त्यांच्यापैकी एकही मध्ये पडला नाही. कारखाना बंद म्हणजे त्यांचीही चूल बंद, आणि मालक उलट त्यांच्यावरच खापर फोडत होता. शेजारच्या डाइंगवाल्यानं कुंपणावरून डोकावून पाहिलं आणि तोंडभर हसला.

दुपारी डॉ. टिपणीस स्वतः आल्या. त्यांनी जिभेच्या कडेचा चिमूटभर तुकडा काढून हातातल्या यंत्रात घातला, थोडा वेळ पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, "घरात कुणाला कर्करोगाची गोळी चालू आहे?"

डाइंगच्या मागच्या खोल्यांत तात्यासोची वहिनी राहत होती, सुगंधा. थोरला भाऊ गेल्यावर हौदांच्या वाफेत उभं राहून तिनं हा कारखाना चालवला, तात्यासोला शिकवलं, त्याचं लग्न लावलं. दिवाळीनंतर तिचं गाठीचं ऑपरेशन झालं होतं आणि आता गोळ्या सुरू झाल्या होत्या. घर आणि कारखाना एकाच आवारात, आणि दोन्हींचा नाला पहिल्यापासून एकच. माणगुंडीत सगळ्यांचंच तसं होतं, त्यामुळे नियम करतानाही कुणी दोन नाले मागितले नाहीत.

"वैनीस्नी हाय," तो म्हणाला. "त्येचा हितं काय संबंध?"

"गाठ म्हणजे भराभर वाढणाऱ्या पेशी. त्यांना मारणारं औषध या गोळीत असतं. त्यातलं थोडं लघवीतून बाहेर पडतं. झडपेतले जिवाणूही भराभर वाढणारेच आहेत. त्यांच्या दृष्टीनं ते विषच."

"म्हंजे रंग चालतोय, ॲसिड चालतंय, आन् आजारी बाईची लघवी चालत न्हाई?"

"रंग तुम्ही गाळून सोडता, उरलेला झडप सोसते. हे गाळता येत नाही."

"एवढी गोळी सोडून द्या की. लिहा काहीतरी तुमच्या कागदावर."

"मी लिहून काय होणार? झडप कागद वाचत नाही. तिला दया यावी अशी सोयच ठेवलेली नाही, मगदूम. तशी ठेवली असती तर पहिल्या महिन्यात तुम्ही सगळ्यांनी ती वापरली असती."

हे खरं होतं, म्हणून तात्यासोला जास्त राग आला. "भांड्यात धरून लांब न्हेऊन टाकलं तर?"

"सांडपाणी आवाराबाहेर न्यायला बंदी आहे. टँकर भरभरून ओढ्यात कोण ओतत होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे." त्यांनी यंत्र पुसून पेटीत ठेवलं. "मोकळवाडीत सोय आहे. तिथल्या नाल्यांना झडपा नाहीत. सगळं पाणी बंद तळ्यात जातं, आटवलं जातं आणि उरलेला गाळ जाळतात. आसपासच्या गावांतली जड औषधांवरची माणसं तिथंच राहतात. वहिनी तिकडे गेल्या की दोन-चार दिवसांत औषधाचा अंश धुऊन जाईल आणि झडप आपोआप सैल पडेल."

"किती दीस ऱ्हायचं तितं?"

"गोळ्या चालू आहेत तोवर. काहींना जन्मभर घ्याव्या लागतात."

"तुमच्या आईला ठेवलं असतं का तितं?"

"ठेवलं होतं," टिपणीस म्हणाल्या आणि यंत्राची पेटी बंद केली.

मागच्या दारात वहिनी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

पुढचे दोन दिवस माणगुंडीनं आपले दात दाखवले. गल्लीतल्या बायकांनी वहिनीला घरी बोलवायचं बंद केलं. न जाणो, बाई मोरीवर गेली तर आपली जीभ मिटायची. सार्वजनिक संडासाला कुणीतरी कुलूप घातलं. कामगार दत्तूला पुढं घालून आले.

"मालक, वैनीस्नी पाठवा मोकळवाडीला," दत्तू म्हणाला. "आमचीबी पोरंबाळं हाईत."

"तुझ्या जल्माच्या येळंला तुझ्या आईला हितल्या खोलीत कुणी घेतलंतं रं?"

"वैनींनी. इसरलो न्हाई. पर तवा जीभ नव्हती."

तात्यासोनं त्याला हाकलून दिलं. वहिनीसाठी आपण भांडलो, या विचारानं त्याला बरंही वाटलं. पण आत जेवायला बसल्यावर तोच म्हणाला, "वैनी, थोडं दीस जाऊन या. मी दर रविवारी येतो."

वहिनीनं त्याच्या पानात भाकरी वाढली. "गल्लीतल्या सरूबाईला तितं धाडताना तिचा ल्योकबी असंच म्हणलाता. ती तितंच वारली तवा तिला पोचवायला कोण हुतं? मी न्हाई जायाची, तात्या. ह्या जागंत मी आलीय, हितनंच जाईन."

"मग कारखान्याचं काय करू?"

"चालव की. मी कुटं बंद कर म्हणती?"

तो चिडला. बोलू नये ते बोलला: हट्ट सोडा म्हणाला, तुमच्या एकटीपायी एवढी घरं उपाशी बसलीत म्हणाला. तिनं त्याच्या पानात आणखी एक भाकरी वाढली. तात्यासोला वाटलं, पटलंय तिला; रविवारपर्यंत जाईल.

रविवार यायच्या आधीच, सकाळी दत्तू अंगणातून ओरडला. नाल्याच्या जाळीपाशी पाणी गुरगुरत होतं. साचलेलं निळं पाणी सरसर खाली जात होतं आणि खालची फरशी दिसायला लागली होती. कामगार धावत आले. कुणीतरी तात्यासोच्या पाठीवर थाप मारली. चार दिवसांपूर्वी गचांडी धरलेला दत्तू हसत हौदांकडे पळाला.

फोन वाजला. टिपणीस होत्या. "तुमची झडप सैल झाल्याची नोंद आली. गेल्या वाटतं वहिनी मोकळवाडीला?"

तात्यासोनं मागं वळून पाहिलं. वहिनी दारात उभी होती. रोजचं लुगडं, हात ओले, चेहरा शांत.

"व्हय," तो फोनवर म्हणाला. "गेल्या."

"बरं झालं. अवघड असतं, पण हेच योग्य."

त्यानं फोन ठेवला. आत्ता 'गोळी घेतलीसा का?' एवढंच विचारलं असतं, तर तिनं खरं ते सांगितलं असतं. वहिनीला खोटं बोलता येत नसे, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं.

"सगळ्यास्नी च्या ठेवू का रे, तात्या?" तिनं विचारलं.

"ठेवा," तो म्हणाला आणि मशीन सुरू करायला आत गेला.