दुसरी पिशवी

“अहो... नाक खाजतंय!”

हे त्याचं माझ्याशी पहिलं बोलणं. दोन्ही हातांत सुया. एका हातातून रक्त मशीनमध्ये जात होतं, दुसऱ्यातून परत अंगात येत होतं, आणि मधल्या मध्ये मशीन पांढऱ्या पेशी काढून घेत होतं. हात हलवायचा नाही, हा नर्स म्हणून माझाच नियम. मग काय, खाजवलं नाक!

“जरा डावीकडे... हां. लग्न झालंय तुमचं?”

“हलू नका.”

“जीभ हलवलेली चालते ना?”

या पेशींचं पुढे काय, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं — लॅबमध्ये त्यांना कॅन्सर ओळखायला शिकवतात, वाढवतात, मग कॅन्सरला मारायला परत तुमच्याच अंगात सोडतात.

“म्हणजे पोरं शाळेत चालली माझी! हुशार निघतील?”

“बापावर गेली नाहीत तर.”

त्यानंतर तपासणीला आला की तो माझ्या खोलीत डोकवायचाच. “पोरांचा अभ्यास कुठवर आलाय?” मी लटकं रागवायची. आणि तो यायच्या दिवशी केस जरा नीट बांधायची... कुणाला सांगू नका.

मग लॅबचा निरोप आला. पेशी वाढल्याच नाहीत. आधीच्या औषधांनी त्या पार थकल्या होत्या. पुन्हा काढायच्या होत्या, आणि ही शेवटची संधी होती. आजार काही थांबायला तयार नव्हता.

पेशी द्यायला दुसऱ्यांदा आला तो निम्मा होऊन. हातांच्या शिरा सापडेनात, म्हणून मानेत नळी घातलेली. मी मशीनकडेच बघत राहिले.

“या वेळीही पोरं नापास झाली तर?”

पेशंटला द्यायचं उत्तर मला तोंडपाठ होतं. बाहेर पडलं भलतंच.

“तर जेवढे दिवस असतील, तेवढे मला दे.”

“कीव येतेय माझी?”

“कीव आली असती तर खोटं बोलले असते. तू मला आवडतोस... फार.”

त्यानं माझा हात धरला. बोटं गार होती. आम्ही दोघंही मुकाट्यानं रडलो.

पिशवी जेमतेम भरली. ती थंड पेटीतून लॅबकडे रवाना केली आणि त्याच्या आईला बोलवायला मी दार उघडलं. माझे रडून लाल झालेले डोळे बघून त्या माउलीला नको तेच वाटलं. भिंत धरून त्या खाली बसल्या.

“आई, तसं काही नाही गं!” आतून त्याचा आवाज आला. “सून कशी वाटते ते बघ...”

“मेल्या—” म्हणता म्हणता त्यांनी जीभ चावली. मग मला जवळ ओढून हळूच विचारलं, “पोरी, पुढचं सगळं ठाऊक आहे ना तुला?”

“ठाऊक आहे. कामच आहे माझं ते.”

“मग चल आत,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “दोघी मिळून धरून ठेवू त्याला.”